अण्णा, बेदाणा आणि वाल्तेल्लिनाचे चार दिवस

आमचे अण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, तासगाव तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग, बागेच्या टोकाला बेदाण्याचं शेड. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत आणि द्राक्षाशिवाय दुसरं फारसं काही पिकवलं नाही. नोव्हेंबर संपता संपता ते माझ्याकडे मिलानला आले. मी त्यांना संगमरवरी कॅथीड्रल दाखवलं, ट्राममधून फिरवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "समदं झकास हाय. पर इथली बाग कुठं हाय?"

बाग म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी वाल्तेल्लिनाच आलं. मिलानच्या उत्तरेला, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीला चिकटून असलेलं आल्प्समधलं हे खोरं. तिथे माझ्या ओळखीचं एक वाइन करणारं कुटुंब आहे. आजोबा, आजी आणि त्यांची माझ्याच वयाची मुलगी. त्यांच्याकडून मी दरवर्षी सहा बाटल्या आणते. ही गोष्ट अण्णांना तोवर माहीत नव्हती. ती अशी प्रवासाच्या निमित्ताने सांगून टाकली. ते काही बोलले नाहीत, फक्त "सहाच का?" एवढं विचारलं. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दिवस पहिला

मिलान सेंत्राले स्टेशनवरून तिरानोची गाडी पकडायची आणि डावीकडची खिडकी धरायची. लेक्को गेल्यावर कोमो सरोवर डाव्या हाताला असतं. कोलिकोला सरोवर संपतं, गाडी पूर्वेला वळते आणि मग त्याच खिडकीतून खोऱ्याची उन्हाची बाजू दिसायला लागते.

आल्प्समधली बरीच खोरी उत्तर-दक्षिण पडतात. हे पूर्व-पश्चिम पडलंय. मधून अड्डा नदी वाहते. नदीच्या उत्तरेचा उतार दक्षिणेकडे तोंड करून बसलेला, दिवसभर ऊन खाणारा. समोरचा उतार सावलीत, काळपट झाडीचा, वरून बर्फाचा. द्राक्षं सगळी एका बाजूला. अण्णांनी मोर्बेन्यो गेल्यावर हे स्वतःच ओळखलं. "त्या अंगाला एक वेल न्हाई बग," म्हणाले आणि नंतर सोंद्रिओ येईपर्यंत खिडकीला नाक लावून बसले.

कारण तोवर भिंती सुरू झाल्या होत्या. डोंगराला खालून वर एकावर एक दगडी भिंती, प्रत्येक भिंतीच्या डोक्यावर अंगणाएवढी माती, त्यात दोन-चार ओळी वेली. काही ठिकाणी तर एकच ओळ. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. कोकणात गडगे घालतात तसे, पण माणसाच्या डोक्यावर जाणारे. या खोऱ्यातल्या अशा भिंतींची एकूण लांबी सुमारे २,५०० किलोमीटर सांगतात. मी अण्णांना म्हटलं, तासगावहून दिल्लीला जाऊन बऱ्यापैकी परत यायचं एवढं अंतर. ते म्हणाले, "आणि द्राक्ष किती?" साडेआठशे हेक्टरच्या आसपास. त्यांनी मनात हिशेब केला आणि मान हलवली. ती कौतुकाची नव्हती. हिशेब न जमल्याची होती.

संध्याकाळी सोंद्रिओत जेवायला बसलो आणि माझी फजिती झाली. इथला मानाचा पदार्थ पित्सोक्केरी. कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी, लसूण घालून वर लोणी आणि काझेरा नावाचं चीज ओततात. शाकाहारी आहे म्हणून मी आधीपासून खुशीत. ताट आलं, वाफ आली, आणि मला आठवलं की हे चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. न सांगता गप्प बसणं जमलं नाही. सांगितलं. अण्णांनी ताट शांतपणे माझ्याकडे सरकवलं आणि पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. वाढणाऱ्या बाईंना मी अडचण सांगितली, तर त्यांनी साध्या पोलेंताची वाटी आणून दिली. मका आणि कुट्टू शिजवून घोटलेला. "मक्याचा सांजा हाय की हा," म्हणत अण्णांनी त्यावर चटणी घातली. पलीकडच्या टेबलावरचे दोघे वळून बघत होते. नंतर त्यातल्या एकाने चटणी मागून घेतली.

मी एक ग्लास घेतला. त्यांच्यासमोर पहिल्यांदा. रंग फिकट, कडेला विटकरी झाक. अण्णा ग्लासकडे बघून म्हणाले, "पाणी घातलंय यात." नव्हतं घातलं. नेब्बिओलो द्राक्षाची वाइन अशीच दिसते, कोकम सरबतासारखी. वाल्तेल्लिनात या जातीला कियावेन्नास्का म्हणतात. दिसायला फिकट आणि तोंडात शिरली की हिरड्या आवळून धरते.

लिओनार्दो दा विंची मिलानच्या दरबारी होता, तेव्हा त्याने या खोऱ्याबद्दल टिपून ठेवलं होतं: भोवती उंच, भयंकर डोंगर, वाइन दमदार आणि मुबलक, आणि गुरं एवढी की इथे वाइनपेक्षा दूधच जास्त होतं असं इथले लोक म्हणतात. हे वाचून दाखवल्यावर अण्णा खूश झाले. दुधाच्या भागावर.

दिवस दुसरा

आज एकादशी, आळंदीची. अण्णांची वारी यंदा माझ्यामुळे चुकली, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. पहाटे हॉटेलच्या खोलीत हरिपाठ म्हणताना आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा होता. फराळाला सफरचंदं आणि उकडलेले चेस्टनट. सफरचंद इथलंच, खोऱ्याच्या पोंते गावाकडे त्याच्या बागा आहेत.

आम्हाला न्यायला ती मुलगी तीनचाकी गाडी घेऊन आली. अण्णा फुटपाथवरच थांबले. "आपे!" दारावरचं नाव त्यांनी बोटाने वाचलं. पियाज्योची आपे, हीच आमच्याकडे सहा सीटर म्हणून दहा माणसं वाहते. बारामतीला तिचा कारखाना आहे हे अण्णांनी मला इटालियनमध्ये सांगायला लावलं. मुलगी हसून म्हणाली, 'आपे' म्हणजे मधमाशी. हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. मी इथे चार वर्षं राहते, रोज इटालियन बोलते, पण आपे म्हणजे रिक्षा हे डोक्यात इतकं पक्कं की मधमाशी कधी दिसलीच नाही.

मी मागे हौद्यात, अण्णा पुढे. रस्ता वळणावळणाने वर. सोंद्रिओच्या आसपासच्या उताराचे पट्टे ठरलेले आहेत: मारोज्जा, सास्सेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो, वाल्जेल्ला. बाटलीवर पट्ट्याचं नाव येतं. यांची बाग इन्फेर्नोत. इन्फेर्नो म्हणजे नरक. उन्हाळ्यात भिंतींचे दगड इतके तापतात म्हणून हे नाव. आम्ही गेलो तेव्हा नरकात चार अंश तापमान होतं.

गाडी एका ठिकाणी संपली. पुढे पायऱ्या. पायऱ्या म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेले लांब दगड, एकाआड एक, हात धरायला काही नाही. माझे पाय लटपटले. अण्णा अडुसष्ट वर्षांचे, ते सरळ चढून गेले. "आपल्या जुन्या हिरीत हैत तशाच," वरून सांगितलं. खरंच, आजोळच्या विहिरीला अशाच पायऱ्या होत्या, फक्त तिथे उतरायचं असायचं.

वर आजोबा उभे होते. पंचाहत्तरीचे, खुरपं हातात. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि पहिल्यांदा तळव्यांकडे बघितलं. मग त्यांचं बोलणं सुरू झालं, मी मध्ये दुभाषी. पण माझी गरज मला वाटलं त्यापेक्षा कमी लागली.

अण्णांचा पहिला प्रश्न: खुंट कोणता? आमच्याकडे डॉगरिज. आजोबा म्हणाले, ४२०-ए. दोघांचेही खुंट अमेरिकन वंशाचे. आमच्याकडे ते दुष्काळ आणि खारं पाणी सोसतात म्हणून. इकडे मात्र एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने युरोपातल्या वेलींची मुळं खाल्ल्यापासून अमेरिकन मुळावर कलम बांधण्यावाचून उपाय राहिला नाही. दुसरा प्रश्न: डावणी? मी शब्द शोधत होते, तोवर अण्णांनी पडलेलं एक पान उचललं, पाठ उलटी करून बोटाने पांढरी बुरशी असल्याचा अभिनय केला. "पेरोनोस्पोरा!" आजोबा ओरडले, शेजाऱ्याचं नाव घ्यावं तसे. आणि औषध? अण्णा म्हणाले, "बोर्डो." आजोबा म्हणाले, "बोर्दोलेझे." मोरचूद आणि चुना. या एका शब्दावर दोघे पाच मिनिटं हसत होते. मी बाजूला.

मग आकडे. इथल्या नियमाने बाटलीवर 'वाल्तेल्लिना सुपेरिओरे' हा वरचा दर्जा लिहायचा असेल तर हेक्टरी जास्तीत जास्त आठ टन द्राक्षं घ्यायची. म्हणजे एकरी सव्वातीन टन. अण्णांना वाटलं मी भाषांतर चुकवलं. पुन्हा विचारायला लावलं. "आमी बेदाण्याला एकरी दहा-बारा काढतो, तरी पुरत न्हाई," ते म्हणाले. आजोबांनी खांदे उडवले आणि बोटांनी घड लहान, मणी लहान, साल जाड असं दाखवलं. साल जाड हवी. ते का, ते दुपारी कळणार होतं.

बागेत काम कमी होतं. पानं पिवळी पडून गळून गेलेली, छाटणी जानेवारीनंतर. काडी कमानीसारखी वाकवून बांधायची इथली जुनी पद्धत आहे, त्या कमानी आता उघड्या दिसत होत्या. ट्रॅक्टर इथे चढतच नाही. तोडणीची क्रेटं पूर्वी पाठीवरच्या टोपलीतून उतरायची. आता काही मोठ्या बागा हेलिकॉप्टर बोलावतात. हेलिकॉप्टरचं ऐकून अण्णा जे हसले ते थांबेचनात. पण मग एका भिंतीशी आल्यावर गंभीर झाले. भिंतीचा मधला भाग बाहेर आला होता.

"पोट सुटलंय," ते म्हणाले.

मी भाषांतर केलं, तर आजोबांनी कपाळाला हात लावला. इटालियनमध्येही भिंतीला 'पान्चा' सुटते, म्हणजे पोटच. पावसाचं पाणी मातीत मुरतं, दगडांच्या फटींतून निथळून जातं, म्हणून इथे चुना किंवा सिमेंट चालत नाही. पाणी अडलं की अख्खी भिंत बसते. फटी मातीने बुजल्या की पोट सुटतं. मग भिंत उतरवून पुन्हा रचायची. २०१८ मध्ये युनेस्कोने दगडी भिंती रचण्याची ही कला वारशाच्या यादीत घेतली, इटलीसह आठ देशांची मिळून. आजोबांना ते माहीत होतं. त्यांचं म्हणणं, यादीत घेतलं ते ठीक, दगड उचलायला कोण येणार?

दुपारी घराच्या माळ्यावर गेलो आणि तिथे अण्णा घरी पोचले.

याला फ्रुत्ताइओ म्हणतात. लांब खोली, दोन्ही अंगांना उघड्या खिडक्या, आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत लाकडी चौकटींवर पसरलेले द्राक्षांचे घड. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तोडलेले, निवडून एका थरात मांडलेले, एकावर एक घड नाही. दुपारी कोमो सरोवराकडून ब्रेवा नावाचा वारा खोऱ्यात शिरतो, तो या खिडक्यांतून आरपार जातो. मणी सुरकुतलेले, पण काळे आणि अजून ओले. डिसेंबरच्या पहिल्या तारखेआधी हे पिळायचे नाहीत असा नियम. तोवर वजन तिसऱ्या हिश्श्याने तरी उतरतं. यापासून जी वाइन होते ती स्फोर्झातो. आजोबांच्या बोलीत स्फुर्साट.

"आणि हे किती दिस?" अण्णांनी विचारलं.

"दोन-अडीच महिने."

अण्णा बाजूच्या स्टुलावर बसले. आमच्या शेडवर द्राक्षं पोटॅश आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळीवर टाकतात, सालीवरचं मेण सुटतं आणि बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षाचा एक किलो. पिवळा रंग हवा म्हणून गंधकाची धुरी. सावळजच्या बाजूला फेब्रुवारी-मार्चमध्ये जाल तर माळावर शेडंच शेडं दिसतात. इथे बुडवणं नाही, घाई नाही. मेण तसंच राहतं आणि ओल सालीतून हळूहळू जाते. तेवढ्या काळात एक घड सडला तर शेजारचे दहा बिघडवतो, म्हणून आजी रोज सकाळी कात्री घेऊन फिरतात. साल जाड का हवी, ते इथे कळलं.

आजींनी अण्णांपुढे एक घड धरला. एकादशीला द्राक्ष चालतं. त्यांनी एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले, चावला, मग चेहरा वेडावाकडा केला. "बी हाय!" थॉम्पसन सीडलेसची तीस वर्षांची सवय. पण थुंकले नाहीत. बी चावून खाल्लं. मग हळूच म्हणाले, "गोडी बेदाण्याची. पर साल कच्च्या जांभळागत. आणि बी सुपारीगत."

वाइनवाले ज्याला टॅनिन म्हणतात, ज्याच्यावर मी मिलानमध्ये पैसे भरून दोन संध्याकाळचा वर्ग केला होता, ते हेच.

"सव्वीस भरंल," ते पुढे म्हणाले. मुलीने खिशातून रसातली साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला. तोच, आमच्या घरी देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला असतो तसला. काचेवर थेंब, डोळा खिडकीकडे. पावणेसव्वीस. आजोबांनी अण्णांच्या पाठीवर थाप मारली आणि पिळणीच्या दिवशी किती असेल ते सांगायचं आव्हान दिलं. ते डिसेंबरच्या मध्यावर पिळणार होते. अण्णांनी आणखी एक मणी खाल्ला, खिडकीबाहेर बघितलं, वारा बघितला. "एकोणतीस."

रात्री दादाचा फोन. तासगावात अवेळी पाऊस, बाग फुलोऱ्यात. फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ खिडकीशी उभे होते. इथे आकाश स्वच्छ होतं, त्याचा त्यांना राग आल्यासारखा वाटला.

दिवस तिसरा

आज तळघर. खरं तर मी याच्यासाठी येते.

दार उघडताच अण्णांनी नाक वर केलं. "गंधक." मोकळ्या पिंपात बुरशी धरू नये म्हणून गंधकाची पट्टी जाळतात, तोच वास. आमच्या शेडच्या धुरीचा. त्यामागून दुसरा वास येतो, ओल्या लाकडाचा आणि आंबूस फळाचा.

डाव्या हाताला मोठी पिंपं, माझ्यापेक्षा उंच, प्रत्येकात दोन हजार लिटर. हे ओक क्रोएशियातल्या स्लाव्होनियाचं. उजव्या हाताला बुटकी पिंपं, २२५ लिटरची, फ्रेंच ओकची, बारीक. डावी बाजू आजोबांची, उजवी मुलीची. भांडण जुनं आहे आणि फक्त या घरातलं नाही. १९८० नंतर इटलीभर कितीतरी घरांत हेच झालं.

अण्णांना लाकूड महत्त्वाचं. ओकच का? सागवान का नाही? मुलगी समजावत होती: ओकच्या लाकडातल्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून ते पाणी धरतं, तरी श्वास घेण्यापुरती हवा आत सोडतं. फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर पावसात ठेवतात, म्हणजे लाकडाचा कडवटपणा धुऊन जातो. मग आगीवर धरून वाकवतात. आग आतून लाकूड भाजते, त्यामुळे व्हॅनिलाचा, भाजलेल्या कॉफीचा वास येतो. पूर्वी इथे डोंगरातलं चेस्टनट वापरायचे, ते जवळ मिळायचं पण जास्त तुरट होतं.

"मग ल्हान पिपात वास जास्त लागणार," अण्णा म्हणाले.

मुलीने विचारलं, कसं ओळखलं?

"बारक्या डब्यातल्या तुपाला डब्याचा वास लवकर लागतो." हे भाषांतर मी जसंच्या तसं केलं. आजोबा विजयी मुद्रेने मुलीकडे बघायला लागले. तिनेही हार मानली नाही: लहान पिंपाचा वास तीन-चार वेळा भरल्यावर ओसरतो, ती जुनी झालेलीच वापरते, नवं एखादंच.

इथे मी माझं मत देऊन टाकते, कारण मराठीत वाइनवर लिहिताना 'ओकमध्ये मुरवलेली' हे शब्द दागिन्यासारखे वापरतात आणि मला ते खटकतं. लाकूड ही चव नाही, ते काम आहे. कियावेन्नास्काची वाइन नवी असते तेव्हा अण्णांच्या त्या सुपारीसारखी असते. तोंडातलं सगळं पाणी ओढून घेते. पिंपाच्या भिंतीतून थेंबथेंब हवा जाते, तुरटपणाचे कण एकमेकांना धरतात, मोठे होतात, जिभेला कमी बोचतात. लोणच्याच्या फोडीचं जे होतं ते. मुरणं. म्हणून सुपेरिओरेला २४ महिने ठेवावं लागतं, त्यातले निदान १२ लाकडात, जास्त मुरवलेल्या 'रिझेर्वा'ला ३६. स्फोर्झातोला २० महिने, त्यातलेही १२ लाकडात. आणि मुरवताना लाकडाचाच वास यायला लागला, तर मला लोणच्याऐवजी बरणी खाल्ल्यासारखं वाटतं.

त्या काळात वाइन आटते. लाकडातून थोडी थोडी उडून जाते, पिंपात पोकळी होते, आणि पोकळी ठेवली तर व्हिनेगर. म्हणून दर काही दिवसांनी वरून भर घालायची. आजोबा हे काम अजून स्वतः करतात, कान लावून. पिंपावर टकटक करतात आणि आवाजावरून पातळी सांगतात. अण्णांनीही टकटक करून बघितली. कलिंगड बघतात तशी.

मग चाखणं. अण्णा म्हणाले, "तू घे, मी आजोबांबरोबर जातो," आणि दोघं त्या पोट सुटलेल्या भिंतीकडे निघून गेले.

मी आणि ती, दोन ग्लास. पहिली मोठ्या पिंपातली सुपेरिओरे. फिकट, विटकरी. वास गुलकंदाचा, मग ज्येष्ठमधाचा. तोंडात आंबटपणा धारदार, शेवटी हिरड्यांना धरणारा तुरटपणा, पण चावत नाही. दुसरी लहान पिंपातली स्फोर्झातो. हिचा रंगही गडद, आलुबुखार, काळी मिरी, आणि हो, व्हॅनिला. १५ टक्के अल्कोहोल. कायद्याने निदान १४ लागतोच. वाळवलेल्या द्राक्षाची म्हणून गोड असेल असं वाटतं आणि ती अजिबात गोड नसते. सगळी साखर यीस्टने खाऊन संपवलेली असते. मला दुसरी आवडली, पण एका ग्लासापुरती. पहिली घेऊन मी जेवू शकते. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस.

तिने एक गोष्ट सांगितली. १५१२ पासून १७९७ पर्यंत हे खोरं आल्प्सपलीकडच्या ग्राउब्युंडेनच्या, म्हणजे आताच्या एका स्विस प्रांताच्या, ताब्यात होतं. पिंपं खेचरांवरून खिंडी ओलांडून उत्तरेला जायची. अजूनही स्विस लोक हिला फेल्टलिनर म्हणतात, आणि स्वित्झर्लंडमध्ये बाटलीत भरलेल्या सुपेरिओरेवर 'स्टागाफेस्ली' असं वेगळं नाव लिहिता येतं. राज्य गेलं दोनशे वर्षांपूर्वी, गिऱ्हाईक राहिलं.

वर गेले तर अण्णा गुडघ्यावर, कोट काढून, भिंतीच्या फटीत दगडाच्या चिपा ठोकत होते. आजोबा मोठा दगड फिरवून फिरवून तोंड शोधत होते. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. "बाहेर," "आत," "थांब," अण्णा सांगली जिल्ह्याच्या मराठीत सांगत होते आणि दगड बसत होते. मोठा दगड मागे उताराला झुकता बसवायचा, पाठीमागे बारीक खडी भरायची, म्हणजे पाणी निथळतं. "तालीचं काम हाय, बाकी काय," मला म्हणाले. दुपारपर्यंत हातभर भिंत झाली. आजोबांनी शेवटी बाटलीची किंमत सांगितली: स्फोर्झातो पस्तीस युरो. अण्णांनी रुपयांत हिशेब केला, मग किलोवर आणला. एका बाटलीला जवळजवळ दोन किलो द्राक्ष. मग त्या भिंतीकडे बघितलं. "परवडत नसंल यास्नी," म्हणाले.

निघताना आजींनी मला सहा बाटल्या बांधून दिल्या आणि अण्णांना सुकलेल्या द्राक्षांचा एक घड, वर्तमानपत्रात.

दिवस चौथा

सकाळी तिरानो. तिथे मादोन्नाचं मोठं देऊळ आहे. १५०४ च्या सप्टेंबरात तिथे मेरी प्रकट झाली असं मानतात. अण्णांनी चपला काढायला सुरुवात केली, मी थांबवलं, तरी टोपी काढून हात जोडले. लाल रंगाची बेर्निना गाडी तिथूनच निघते आणि अक्षरशः देवळासमोरच्या रस्त्यावरून जाते, मोटारींच्या मधून. १९१० सालची लाइन. ४२९ मीटरवरून निघून २,२५३ मीटरवर चढते, दातेरी रुळाशिवाय. ब्रुझिओला दगडी कमानींचा पूर्ण गोल फिरते, आणि खिडकीतून आपल्याच गाडीची शेपटी दिसते. याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, मी जास्त लिहीत नाही. वर बर्फ होता, थंडी होती, चहा महाग होता. खेचरं याच खिंडीच्या वाटेने पिंपं घेऊन जायची हे सांगितल्यावर अण्णा म्हणाले, "खेचराला काय मिळायचं?"

ओस्पित्सिओ बेर्निनाला दादाचा फोन लागला. पाऊस थांबला होता, पानावर तेलकट डाग दिसायला लागले होते. बर्फात उभं राहून अण्णांनी ओरडून सांगितलं, "ऊन पडायच्या आत फवार. पानाच्या पाठीमागनं मार, वरनं न्हवं!" शेजारच्या जपानी बाई दचकल्या.

अण्णा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. सतरा तारखेला मुलीचा मेसेज आला, पिळणी झाल्याचा. मी लगेच तासगावला फोन लावला. ते बागेत होते, विरळणी चालू होती, फोन दादाने धरला.

"अण्णा, अठ्ठावीस भरलं."

पलीकडे जरा वेळ कात्रीचाच आवाज.

"वारा कमी पडला असंल," ते म्हणाले. "त्यास्नी इचार."

मी विचारलं. तिथे आठवडाभर धुकं होतं.